क्रॅगशॉचा तिसरा बास

"पाय चालले की श्वास चालतो, आणि श्वास चालला की बाजा चालतो."

थेल्मा केनवर्दीच्या तोंडी हे वाक्य इतकं असे की क्रॅगशॉ गावातल्या तीन पिढ्यांना ते पाठ होतं. गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिने चौतीस वर्षं मुलांच्या ताटात उकडलेले बटाटे वाढले. रांगेत कुणी पोर रेंगाळलं की डाव भांड्याच्या काठावर आपटून ती म्हणे, "चल पुढे. पाय चालले की श्वास चालतो." पोरांना वाटे, बाई बटाट्यांबद्दल बोलतेय. ते वाक्य तिच्या बापाचं होतं आणि ते बासबद्दल होतं, हे फार थोड्यांना ठाऊक होतं.

बास म्हणजे बँडमधला सगळ्यात मोठा बाजा. पितळेचा, जड. झोपलेलं पोर छातीशी धरावं तसा तो धरायचा आणि त्याचं तोंड आभाळाकडे. धून इतरांनी वाजवायची, बासने नुसतं पाऊल टाकायचं. धूम, धूम, धूम. ऐकणाऱ्याचं लक्ष त्याच्याकडे जात नाही. तो थांबला तर मात्र सगळ्या बँडचे गुडघे मोडतात.

त्रेसष्टाव्या वर्षी, शाळेतून निवृत्त झाल्यावर, थेल्माने शहरातल्या विद्यापीठात नाव घातलं. विषय इतिहास. शेजारणी म्हणाल्या, "या वयात कशाला गं तुला इतिहास?" ती म्हणाली, "इतिहासाचं काही अडलं नाही. त्यांच्याकडे बँड आहे."

विद्यार्थ्यांच्या बँडच्या सरावाला ती पहिल्यांदा गेली तेव्हा दाराशी बसलेल्या मुलाला वाटलं, ही साफसफाईला आली. "आज्जी, फरशी नंतर पुसा हं, आत्ता सराव आहे," तो म्हणाला. थेल्माने कोट खुंटीला लावला, कोपऱ्यात धूळ खात पडलेला बास उचलला, पर्समधून तेलाची बाटली काढून त्याच्या अडकलेल्या तीन कळा मोकळ्या केल्या, आणि एकच सूर लावला. तळातला, लांब. खिडकीच्या काचा गुणगुणायला लागल्या. तो मुलगा उठून उभा राहिला आणि स्वतःची खुर्ची त्याने तिला दिली. त्याचं नाव बार्नबी. दुसरा बास तोच वाजवायचा, आणि पुढची तीन वर्षं तिच्या शेजारी बसून वाजवत राहिला.

तिला त्या पोरांकडून एकच गोष्ट हवी होती. पण ती सांगायची तर पन्नास वर्षं मागे जायला हवं.

थेल्मा सोळा वर्षांची होती तेव्हा तिचा बाप वॉल्टर क्रॅगशॉच्या बँडमध्ये बास वाजवायचा. लेकीला त्यानेच शिकवलं, मागच्या अंगणात, कोळशाच्या खोपटाला पाठ टेकवून. गिरणीत पाळ्या चालायच्या, सरावाला माणसं कमी पडायची, म्हणून दोन हिवाळे ती पोरगी सरावाच्या खोलीत बापाशेजारी बसून वाजवत होती आणि कुणाची हरकत नव्हती. मग व्हिटचा, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावरच्या त्या ख्रिस्ती सणानंतरचा, शुक्रवार आला. त्या एका दिवशी खोऱ्यातल्या गावोगावी स्पर्धा असतात. सगळे बँड गाड्यांनी एका गावाहून दुसऱ्या गावाला धावतात, रस्त्याने वाजवत उतरतात, मग मैदानात उभं राहून एक मार्च, म्हणजे कवायती चालीची धून, वाजवतात. परीक्षक पडदे ओढलेल्या बंद गाडीत बसतो. त्याला काही दिसत नाही. जे ऐकू येईल त्यालाच गुण.

बँडचा चिटणीस लीस म्हणाला, "वॉल्टर, पोरगी खोलीत ठीक आहे. रस्त्यावर बाई चालणार नाही. तिला फुटपाथवर उभी कर."

थेल्मा फुटपाथवर गेली. पण उभी राहिली नाही. बापाचा जुना, पोचे पडलेला बास घेऊन ती बँडच्या बरोबरीने फुटपाथवरून चालली, आणि प्रत्येक सूर वाजवला. बायका मुलांना मागे ओढत होत्या, कुणी हसत होतं. मधे दिव्याचा खांब आला, तिने वळसा घातला आणि पुढचं पाऊल बरोबर ठोक्यावर टाकलं.

निकाल पबच्या पायरीवरून वाचला गेला. उत्कृष्ट बासचा चषक क्रॅगशॉला. आणि परीक्षकाची चिठ्ठी: "या बँडचे तीन बास म्हणजे त्याचा कणा आहे."

रस्त्यावर बास होते दोन.

चषक बँडने ठेवून घेतला. पुढच्या आठवड्यात चिटणीसाने वॉल्टरला सांगितलं, पोरीला आवर नाहीतर बास जमा कर. वॉल्टरने बास जमा केला. तांबडा, पितळी बटणांचा कोट तेवढा दिला नाही. त्यानंतर चौदा वर्षं जगला, पण ओठाला बाजा लावला नाही. बँड रस्त्याने गेला की खिडकीत बसून तो गुडघ्यावर बोटांनी कळा दाबत राहायचा.

थेल्माने तेव्हा मनाशी बांधलं: या फुटपाथवर आता पुन्हा उभी राहणार नाही. रस्त्याच्या मधोमध, नाहीतर नाहीच. दर व्हिटच्या शुक्रवारी ती चहाचा थर्मास घेऊन माळावर जायची आणि गावाकडे पाठ करून बसायची. बँडचं वाजवणं वर ऐकू यायचंच. पुढे काळ बदलला, बँडमध्ये मुली आल्या, आज निम्म्या मुलीच आहेत. चिटणीसाचा मुलगा रॉयस्टन, जो त्या दिवशी रस्त्यावर कॉर्नेट, तो तुतारीसारखा छोटा बाजा, वाजवत होता, आता स्पर्धा समितीचा प्रमुख झाला. त्याने एकदा निरोप धाडला, "आता कुणीही येऊ शकतं." थेल्माने विचारलं, "माझ्या बापाबद्दल काही म्हणाला?" निरोप्या म्हणाला, नाही. "मग त्याला सांग, कुणीही येईल. मी नाही."

म्हणून विद्यापीठ. दुसऱ्या बँडमधून, आपल्या पायांनी, क्रॅगशॉच्या रस्त्याच्या मधून उतरायचं. पहिल्या वर्षी पोरं एका गावात बिअर पीत बसली आणि वेळ गेली. दुसऱ्या वर्षी गाडी पोचली तेव्हा नोंदीची वही दहा मिनिटांपूर्वी मिटली होती. हे तिसरं वर्ष. जुलैत तिला पदवी मिळणार, आणि पदवी मिळालेल्याला विद्यार्थ्यांच्या बँडमध्ये जागा नसते.

त्या शुक्रवारी पोरांनी तिच्या मानाखातर भलतंच सोंग काढलं होतं. चोवीसच्या चोवीस जण शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बायका झाले होते: पांढरे एप्रन, केसांवर जाळ्या, पायांत रबरी सपाता. दाढीवाल्या ढोलकऱ्याने तर कमरेला डाव खोचला होता. थेल्माला त्यांनी जाळी दिली, तेव्हा ती म्हणाली, "चौतीस वर्षं घातली रे, राजांनो. आज नाही." आणि वरचा साधा कोट काढून दाखवला. आत वॉल्टरचा तांबडा कोट. बटणं तिने आदल्या दिवशी व्हिनेगरने घासली होती.

दुपारपासून चार गावं झाली. एका गावात दोन सपाता चिखलात राहिल्या, दुसऱ्यात ढोल उतारावरून सुटला आणि पाद्रीबाबांनी अडवला. पोरं खूश होती. आणि सव्वासात वाजता क्रॅगशॉच्या अलीकडे दीड मैलावर गाडी थांबली. पुढे बसगाड्यांची रांग, चौदा गाड्या, एकीच्या शेपटीला दुसरीचं तोंड. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि पेपर उघडला. हे वाईट लक्षण.

"वही आठला मिटते," थेल्मा म्हणाली.

बँड चालवणारी पोरगी नीव, आयर्लंडची, अंगाने किरकोळ पण आवाज खणखणीत. ती पुढे जाऊन रांग बघून आली. "थेल्मा, हे हलत नाही. मागे वळलो तर दुसरं गाव मोकळं आहे. तिथं काय आणि इथं काय, मार्च तोच."

"मार्च तोच आहे गं. रस्ता तो नाही."

कुठला रस्ता, हे गाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. थेल्मा उठली, खाली उतरली, गाडीच्या पोटातून बास ओढून काढला आणि पट्टा खांद्यावर टाकला.

बार्नबी पाठोपाठ उतरला. "कुठं निघालीस?"

"माळावरून पायवाट आहे. पुढच्या गाड्यांमधल्यांना माहीत नाही, मला आहे. अर्ध्या तासात वहीत नाव लिहिते, तोवर गाडी हलली तर या."

"दे इकडे, मी उचलतो."

"तुला तुझा उचलवत नाही, बाळा. बस." आणि तिने कुंपण ओलांडलं.

माळावर वारा होता. गवत आडवं झालं होतं, आणि खालच्या गावांमधून तीन-चार बँडचे आवाज एकमेकांत मिसळून वर येत होते. पन्नास वर्षं ती याच वाटेने इकडे यायची, गावाकडे पाठ करायला. आज पहिल्यांदा तोंड गावाकडे होतं. गुडघा दुखत होता. बास दर पावलाला कमरेवर आदळत होता. ती मोजत राहिली, एक दोन, एक दोन, आणि थांबली नाही, कारण थांबलं की बसावंसं वाटतं हे तिला माहीत होतं.

रस्त्याच्या वरच्या टोकाला टेबल होतं, टेबलावर वही, आणि वहीमागे रॉयस्टन लीस, गळ्यात शिट्टी. आठला चार मिनिटं कमी होती.

"लिही," थेल्मा म्हणाली. "विद्यापीठाचा बँड."

रॉयस्टनने आधी तिच्याकडे पाहिलं, मग कोटाकडे. "किती जण?"

"पंचवीस."

"मला एकच दिसतोय."

"तुमच्या घराण्याला बास मोजायला कधीच आले नाहीत, रॉयस्टन."

टेबलाशी बसलेली दोन माणसं खाली बघायला लागली. रॉयस्टनचे कान लाल झाले. "तो कोट बँडच्या मालकीचा आहे."

"आहे ना. ये मग, काढून घे. इथंच, सगळ्यांसमोर."

तो उठला नाही. त्याने पेन उचललं आणि लिहिलं. "तुमच्या पुढे दोनच बँड आहेत. नियम तुला माहीत आहे. शिट्टी झाली की जो रेघेवर असेल तो निघेल. कुणी नसेल तर नाव कटलं. तुझी पोरं आली नाहीत तर मी काही करू शकत नाही."

"मी काही कर म्हटलं का?"

"नाही, पण..." त्याचा आवाज जरा उतरला. खरंच भलं बोलायला गेला तो. "दमलीयस. तोवर तिकडे फुटपाथवर जाऊन उभी राहा."

थेल्माने त्याच्याकडे इतका वेळ पाहिलं की पेन त्याच्या हातातून वहीवर पडलं. "फुटपाथ. शब्द तोच," ती म्हणाली. "तुझ्या बापाचा." आणि ती जाऊन उभी राहिली ती रस्त्यावर आखलेल्या खडूच्या रेघेमागे, मधोमध. पुढचे दोन बँड तिला वळसा घालून रेघेवर आले आणि उतरून गेले.

तिने माळाकडे पाहिलं. वाट रिकामी. गाड्यांची रांग तिथंच. रॉयस्टनने घड्याळ पाहिलं, मग तिच्याकडे, मग परत घड्याळ. त्या क्षणी तो अजून दोन मिनिटं थांबला असता तर कुणी बोललं नसतं, हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही.

"वाजव," ती म्हणाली. "माझ्यासाठी नियम वाकवू नकोस. मागे वाकवला नव्हता."

शिट्टी वाजली.

बँड निघतो तो ढोलाच्या दोन ठोक्यांवर. ढोल नव्हता. थेल्माने टाच दोनदा दगडावर आपटली, आणि निघाली.

धून वाजवायचा मोह कुणालाही झाला असता. एकटं माणूस, भरला रस्ता, निदान ओळखीची चाल तरी वाजवावी. तिने तसं केलं नाही. बासच्या कागदावर जे लिहिलेलं असतं तेच वाजवलं. धूम, धूम, धूम, धूम. जिथं बासला विश्रांती आहे तिथं थांबली, चार पावलं नुसती चालली, पुन्हा ठोक्यावर आली. त्या रिकाम्या चार पावलांत तिच्या टाचा तेवढ्या ऐकू येत. पोरं खिदळली. कुणी तरुण ओरडला, "अहो आजी, बाकीचे हरवले का?" व्हिनेगर घातलेल्या काळ्या वाटाण्यांचे कप हातात तसेच धरून लोक बघत राहिले.

पोस्टात आयुष्य घालवलेली डोरीन, वय नव्वद, खुर्ची टाकून फुटपाथवर बसली होती. मार्च जुना होता. क्रॅगशॉचं प्रत्येक लग्न आणि प्रत्येक मयत त्याच्यावर चाललं होतं. डोरीनने डोळे मिटले आणि जिथं कॉर्नेट यायला हवेत तिथं ती गुणगुणायला लागली. दात नाहीत, आवाज चिरका. तिच्या शेजारणीने उचललं. मग पबच्या दारातले बाप्ये, मग समोरचा फुटपाथ. कुणी कॉर्नेट झालं, कुणी ट्रॉम्बोन. एका खाटकाने दुकानाच्या पत्र्यावर ढोल धरला. थेल्माने मान वळवली नाही. रस्त्याच्या मधून ती बास वाजवत चालली होती, आणि बाकीचा बँड फुटपाथवर होता.

ती बापाच्या खिडकीसमोरून गेली. तिथं आता दुसऱ्या कुणाचे पडदे आहेत. तिथं तिने एक सूर लिहिल्यापेक्षा जरा लांब धरला. सबंध रस्त्यात तेवढीच एक चूक.

रस्ता मैदानाशी संपला तेव्हा मैदानालगतच्या प्रार्थनाघराच्या मागच्या भिंतीवरून एक रबरी सपात पडली, तिच्यामागून ढोल, आणि त्यामागून एकेक करून चोवीस स्वयंपाकिणी. गाडी हलत नाही म्हटल्यावर पावणेआठला नीवने सगळ्यांना खाली उतरवलं होतं. वाट दुभंगते तिथं ते खालच्या फाट्याने गेले आणि रस्त्याच्या वर यायच्या ऐवजी तळाशी निघाले.

"थेल्मा," बार्नबी धापा टाकत म्हणाला, "आम्ही... चुकलो... तू एकटी..."

"बोलू नकोस. श्वास वाचव."

पण श्वास उरलाच कुठं होता! धावून आलेल्या माणसाला बाजा वाजवता येत नाही, हे खोऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. त्यांनी मैदानात जो मार्च वाजवला तो कुत्र्याने धरलेल्या कोंबड्यांसारखा होता. परीक्षकाने नंतर काय लिहून धाडलं ते इथंच सांगून टाकलेलं बरं: "बास उत्तम. रस्त्यात मला बाकीचा बँड ऐकू आला नाही. मैदानात आला नसता तर बरं झालं असतं." शेवटचा नंबर. तो कागद नीवने चौकटीत लावून सरावाच्या खोलीत टांगला.

मैदान रिकामं व्हायला लागलं. अजून भरपूर उजेड होता. थेल्मा फुंकून फुंकून बासमध्ये साठलेलं श्वासाचं पाणी दगडावर काढत होती, तेव्हा वही काखेत घेऊन रॉयस्टन आला. पोरं जराशी बाजूला झाली, ऐकू येईल इतकीच.

"तीन होते," तो म्हणाला. "त्या वर्षी. तू माझ्या उजव्या कानाशी होतीस. मी मोजले होते."

थेल्माने शेवटचा थेंब झटकला. "सतरा वर्षांचा होतास. तोंड होतं तुला."

"होतं."

"मग ते माझ्या बापापुढे उघडायचं होतंस. चौदा वर्षं तो खिडकीत बसलेला. रोज तिथूनच जायचास तू."

त्याने काही सबब सांगितली नाही, हे त्याच्या बाजूने म्हणायला हवं. त्याने वही दुसऱ्या काखेत घेतली आणि म्हणाला, "त्याचा बास आहे अजून खोलीत. कुणाला दिला नाही. मंगळवारी सराव असतो. ये."

"मंगळवारी मला सराव आहे." तिने एप्रनवाल्यांकडे हनुवटी उडवली. "माझ्या बँडचा. अजून चार मंगळवार आहेत. पाचव्याचं पाचव्याला बघू. आणि यायचं झालंच तर तो बास तू माझ्या दारी घेऊन येशील. चालत. गाडीत घालून नाही."

नीवने हाक मारली, "थेल्मा, गाडी येतेय! अजून एक गाव होईल!"

"तुम्ही जा गं. माझा रस्ता झाला."

"अगं पण बास विद्यापीठाचा आहे!" बार्नबी म्हणाला.

"मग विद्यापीठाला सांग, चालायला गेलाय."

तिचं घर वरच्या टोकाला. तिने पट्टा खांद्यावर घेतला आणि चढ धरला. रस्ता आता रहदारीला खुला झाला होता आणि अडकलेल्या गाड्या एकेक करून सुटत होत्या. लोक फुटपाथवर होते, ती नव्हती. खालून तिच्या मागे एक बस आली, मग दुसरी, मग तिसरी, आणि तिन्ही तिच्या चालीने हळूहळू चढायला लागल्या. कुणी हॉर्न दिला नाही. डोरीनने खुर्ची फिरवून घेतली, नीट दिसावं म्हणून. चोवीस स्वयंपाकिणी वाटाण्यांचे कप हातात धरून मैदानाच्या कडेला उभ्या होत्या. रॉयस्टनने रस्ता मोकळा करायला शिट्टी तोंडात धरली. तांबडा कोट चढावर लहान होत गेला. त्याने शिट्टी तोंडातून काढली आणि खिशात टाकली.